घोडीला बघून कुत्रा रस्त्यावर पोट टेकवतो, ते येतं कुठून?

मागच्या लगनसराईत इंदूरला आमच्या लोकमान्य नगरात एक किस्सा झाला, आता हसू येतं पण तेव्हा सगळ्यांची हवा टाइट झाली होती. गल्लीत वरात आली, पुढे बँड, मागे सजवलेली पांढरी घोडी, आणि आत्याकडचा बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा गेट उघडं बघून सुटला. भुंकला वगैरे अजिबात नाही. घोडीपासून पंधरावीस फुटांवर पोट जवळजवळ रस्त्याला टेकवून, मान खाली, एक पुढचा पाय अर्धवट उचललेला, असा नुसता बघत राहिला, मग हळूच अर्धा गोल मारून तिच्या मागे जायला लागला आणि घोडीने कान मागे पाडले. घोडीवाला ओरडला, "भिया कुत्ता हटाओ, लात खा जाएगा!" आतेभावाने पट्टा धरून ओढत आणला, नवरदेव वर फेटा सांभाळत बसलेला.

नंतर चहावर सगळ्यांची डोकी चालली. घाबरला असेल, चिडला असेल, काका तर म्हणाले शिकार करत होता. काका अर्धे बरोबर होते.

मेंढरांच्या कुत्र्यांचे मुळात दोन वेगळे धंदे आहेत, राखण करणं आणि हाकणं, आणि आपण दोघांनाही सरसकट मेंढपाळी कुत्रा म्हणून मोकळे होतो. जिथे लांडगा आहे तिथे राखणदार लागतो, मोठा, जड, कळपातच झोपणारा. ब्रिटनमध्ये लांडगे लवकर संपले. १५७० साली जॉन कायस नावाच्या डॉक्टरने तिकडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये लिहिलं त्यात त्याने हेच नोंदवलंय, की आमच्याकडे लांडगा नाही म्हणून आमच्या मेंढपाळाचा कुत्रा मध्यम अंगाचा असतो. म्हणजे राखणीचं काम उरलं नाही, उरलं ते डोंगरावर पसरलेली मेंढरं गोळा करून आणायचं, त्याला ताकद नको, पाय आणि डोकं पाहिजे.

मग निवड सुरू झाली. शिकारी जनावराचं काम एका ओळीत चालतं, हेरायचं, नजर रोखायची, दबा धरून सरकायचं, पाठलाग, पकड, मारणं. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या अशीच पिल्लं ठेवली ज्यांच्यात पहिले टप्पे जोरात आहेत आणि शेवटचे दोन जवळपास गायब. १८७३ ला वेल्समध्ये बाला इथे अशा कुत्र्यांची मोठी स्पर्धा झाली. १८९३ ला नॉर्थम्बरलँडमध्ये ॲडम टेल्फरकडे हेम्प नावाचा कुत्रा जन्माला आला, बाप मोकळ्या स्वभावाचा, आई लाजरी पण नजरेची तिखट, आणि हा मात्र न भुंकता, न चावता, नुसत्या नजरेवर मेंढरं हलवायचा. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींच्या वंशावळीत तो सापडतो. १९०६ ला अशा मेंढरं हाकणाऱ्या कुत्र्यांची संघटना झाली आणि बॉर्डर कॉली हे नाव तर १९१५ चं. तर गल्लीत पोटावर बसला होता तो हेम्पचाच पणतू-खापरपणतू समजा. म्हणजे काका म्हणाले तशी ती शिकारच, फक्त मधेच कापलेली.

आता गोची अशी की ही नजर मेंढीसाठी बनलीय. मेंढी घाबरली की बाकीच्यांना जाऊन चिकटते, आणि कुत्रा ज्या बाजूला असेल त्याच्या उलट्या दिशेला सगळा कळप सरकतो, त्यावरच ते हाकणं चालतं. घोडासुद्धा पळणारंच जनावर, पण एकटी घोडी, वर नवरदेव, दोन्हीकडे माणसं, ती सरकणार कुठे? शिवाय घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त शेपटीच्या बरोब्बर मागे आणि नाकासमोर थोडंसं दिसत नाही. कॉली सवयीने नेमका मागून येतो. न दिसणाऱ्या जागेतून काहीतरी खसफस आलं की घोडा विचार करत नाही, लात मारतो. चूक कुणाचीच नाही, दोघंही आपापल्या जागी बरोबर.

गुरांचे कुत्रे अजून वेगळे. गाय-बैल नुसत्या नजरेला भीक घालत नाहीत, म्हणून कॉर्गी किंवा ऑस्ट्रेलियातले हीलर टाचेला चावून हाकतात आणि लगेच जमिनीसरशी होतात, लात वरून जाते. कॉर्गीचे आखूड पाय शोभेचे नाहीत बरं का. हीलर तयार केले न्यू साउथ वेल्सच्या थॉमस हॉलने १८४० च्या दशकात, त्यात तिकडच्या जंगली डिंगोचं रक्त आहे. आणि गंमत बघा, तिथे गुराखी स्वतः घोड्यावर, त्यामुळे तोच कुत्रा गुरांच्या टाचा तोडतो पण मालकाच्या घोड्याच्या बाजूने गप चालतो. त्याच्या हिशोबात घोडा आपल्या टीममधला.

आपल्याकडे घरोघरी दिसणारा जर्मन शेफर्ड १८९९ ला माक्स फॉन श्टेफानित्सने नावारूपाला आणला, त्याचे पूर्वज म्हणजे चालतं कुंपण, मेंढरं पिकात शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेने दिवसभर येरझारा. आमच्या शेजारचा घोडी दिसली की कंपाउंडच्या आतून भिंतीच्या टोकापर्यंत तिच्या बरोबरीने पळतो, तिथून परत. मी रोज बघतो.

पण हे सगळं परदेशातलं, आणि आपण राहतो होळकरांच्या गावात. मल्हारराव होळकर १६९३ चे, धनगराच्या घरातले, लहानपणी खानदेशात तळोद्याला मामाकडे मेंढरं राखली आणि पुढे घोड्यावर बसले ते माळव्यापर्यंत आले. आत्याच्या देवघरात खंडोबाचा चांदीचा टाक आहे, घासून घासून म्हाळसेचं नाक गेलंय, पण घोड्याच्या पायाशी कुत्रा अजून स्पष्ट दिसतो. तो ना दबा धरतोय, ना मागून येतोय, बरोबर पळतोय. टाक घडवणाऱ्यांनी जे रोज दिसायचं तेच काढलं असणार असं माझं मत.

कारण ते आजही दिसतं. नाशिकला जाताना शिरपूरच्या पुढे हायवेला धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं-बिऱ्हाडासकट फिरता तळ, चाललेला एकदा आडवा आला, मेंढरं मेंढरं आणि मेंढरं, मागे घोडी, तिच्यावर अंथरुणं, भांडी, बांधलेल्या कोंबड्या, आणि गाठोड्यातून बाहेर डोकावणारं एक कुत्र्याचं पिल्लू. मोठा कुत्रा घोडीच्या पोटाखालच्या सावलीतून चालत होता, अगदी टाकातल्यासारखा, आणि घोडीला त्याचं काही नाही. आपल्या माळावर लांडगा अजून आहे म्हणून धनगराचा कुत्रा राखणदारच राहिला, हाकायला धनगराची हाळी पुरते. आणि पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत ज्यांच्यात वाढतं त्यांना आपलं मानतं, वाड्यावरच्या पिल्लाच्या त्या यादीत मेंढी, कोंबडी, घोडी सगळे येतात. आत्याचा कॉली त्या वयात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होता, त्याच्या यादीत आत्या, आतेभाऊ आणि लिफ्ट.

घोडीवाल्याकडे मी नंतर गेलो होतो, घोडीला काही लागलं तर नाही विचारायला. त्याच्या तबेल्यात एका गावठी कुत्रीने गवतात चार पिल्लं घातली होती, त्यातलं एक त्याच घोडीच्या मागच्या खुराला टेकून झोपलेलं. म्हटलं लात लागेल की हो. तो म्हणाला, "अरे नहीं भिया, ये तो घर का है," आणि घोडीला चंदी टाकायला गेला.