ओटीवर धरतं, माजघरात सुटतं: लॅपटॉपच्या वायफायची पार्श्वभूमी

जून लागला की आमच्या दापोली-गुहागर पट्ट्यात एकच गाऱ्हाणं दहा तोंडांनी ऐकू येतं. "काड्या फुल्ल आहेत, पण काही उघडत नाही." "आत्ता चाललं होतं, आत्ता गेलं." "मोबाइलवर बरं चालतं, लॅपटॉपच धरत नाही." राउटर बंद करून चालू केला की अर्धा तास बरा जातो, मग पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी लॅपटॉप फॉरमॅट करून आणतो. हजार-पाचशे जातात आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं.

पूर्ण बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं असतं. वायफाय मात्र पूर्ण बंद पडत नाही, येतं-जातं. असं का, हे त्याच्या जन्मकथेतच आहे.

ती कथा समुद्राशीच निगडित आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रं मुख्य संगणकाला रेडिओने जोडली. सगळ्या यंत्रांना पाठवायला एकच वारंवारिता होती आणि पाळी लावणारं कुणी नव्हतं. म्हणून नियम साधा ठेवला: सांगायचं असेल तेव्हा सांगा, पोच आली नाही तर दोघांचे निरोप एकमेकांवर आदळले असं समजा, थोडं थांबा आणि पुन्हा सांगा. किती थांबायचं ते ज्याचं त्याने चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे पुन्हा दोघे एकदम बोलत नाहीत. खाडीच्या काठावरून पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. उत्तर आलं नाही तर माणूस दम घेतो आणि परत हाक मारतो. दोघे एकदम ओरडले तर कुणाचंच ऐकू जात नाही.

१९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक, ८०२.११, आलं तेव्हा हीच सवय त्यात उतरली. भर एवढीच पडली की बोलण्याआधी हवेत कान द्यायचा, दुसरं कुणी बोलत असेल तर थांबायचं. प्रत्येक तुकड्याची पोच घ्यायची, आली नाही तर पुन्हा पाठवायचं, आणि तरीही जमत नसेल तर वेग उतरवून सावकाश बोलायचं. म्हणून रेडिओचा दुवा बिघडू लागला की तुटण्याआधी तो मंदावतो. वेग पायरी-पायरीने खाली येतो, तेच ते निरोप पुन्हा पुन्हा जातात, आणि पडद्यावर मात्र जोडणी शाबूत दिसते. दोष झाकून काम रेटत राहणं ही या यंत्रणेची रचनाच आहे. बातमीचं पान हळू उघडलं तर आपण वाट पाहतो. व्हिडिओ मीटिंग वाट पाहत नाही, म्हणून तक्रार पहिल्यांदा तिथे उठते.

दुसरा वारसा जागेचा, म्हणजे वायफाय ज्या रेडिओपट्ट्यात बोलतं त्याचा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा १९४७ मध्ये अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातल्या उपकरणांसाठी बाजूला काढला गेला. मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात चालते. दळणवळणाच्या दृष्टीने ही पडीक जमीन होती. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने हा आणि आणखी दोन पट्टे विनापरवाना वापराला खुले केले. त्यातली एक अट अशी: दुसऱ्याचा उपद्रव झाला तर तो सोसायचा. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झला परवान्यातून सूट देणारी अधिसूचना जानेवारी २००५ मध्ये निघाली. शेजारच्या राउटरविरुद्ध दाद मागायला जागा नाही, ती याच अटीमुळे.

आपल्याकडे या पट्ट्यात १३ चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे आखलेले भाग, आहेत, पण ती एकमेकांवर चढलेली आहेत. एकमेकांना न शिवणारी म्हणून १, ६ आणि ११ ही तीनच धरतात. चिपळूण-खेडच्या बाजारपेठेत, दुकानावर दुकान आणि प्रत्येकाचा राउटर, तिथे चॅनेल बदलून खरोखर फरक पडतो. वाडीवर, जिथे शेजारचं घर दोन आगरं सोडून आहे, तिथे चॅनेलच्या मागे लागणं मला वेळ दवडणं वाटतं. तिथे उपद्रव असलाच तर घरातलाच असतो. लॅपटॉपला लावलेली यूएसबी ३ ची हार्डडिस्क नेमकी याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं. ब्लूटूथचा हेडफोनही याच पट्ट्यात बोलतो. आणि अमेरिकेहून कुणी लॅपटॉप पाठवला असेल तर त्याची एक गंमतीशीर अडचण: तिकडे ११ पर्यंतच चॅनेल वापरतात, त्यामुळे राउटर १२ किंवा १३ वर गेला की त्या लॅपटॉपला घरचं वायफाय दिसतच नाही. बाकी सगळ्यांना दिसतं.

लॅपटॉपच्या पोटात वायफाय आलं ते १९९९ पासून. त्या वर्षी ॲपलने आयबुकबरोबर ते आणलं, आणि मार्च २००३ मध्ये इंटेलच्या सेंट्रिनोने ते सर्वसाधारण लॅपटॉपमध्ये रुळवलं. त्याआधी कडेच्या खाचेत वेगळं कार्ड खोचावं लागे. आत गेलेल्या कार्डाचे अँटेना बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याच्या चौकटीत बसवलेले असतात, आणि त्यांच्या बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. पडदा थोडा मागे-पुढे केला की वायफाय सुटतं, असं कुणी सांगितलं तर मी सॉफ्टवेअरकडे बघतही नाही. किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर. तांबं हिरवं पडायला इथे वर्षं लागत नाहीत. कार्डावरची टिचभर टोकं काढून, पुसून, परत दाबून बसवल्यावर सुधारलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत. दुसरं कारण बॅटरीचं. वीज वाचवण्यासाठी कार्ड मधून मधून डुलकी घेतं आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, जुना असेल तर जागं होताना चुकतं. चार्जर लावला की बरं, काढला की सुटतं, ही त्याची खूण. विंडोजमध्ये वायफाय कार्डाच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची एक खूण असते, ती काढून टाकावी.

"मोबाइलवर मात्र चालतं" या वाक्यावर कधीच एकदम विश्वास ठेवू नये. वायफाय क्षीण झालं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. डेटा बंद करून त्याच जागी उभं राहून बघितलं, की अर्ध्या वेळा फोनचंही तेच रडगाणं निघतं आणि लॅपटॉपवरचा आळ उतरतो.

आता काड्यांचं. त्या काड्या लॅपटॉप ते राउटर एवढ्याच अंतराच्या असतात. राउटरच्या पुढे काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध नाही. म्हणूनच विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, मायक्रोसॉफ्टने एक वेगळी तपासणी घातली: जोडणी झाली की लॅपटॉप त्यांच्या सर्व्हरवरची एक चिमुकली फाइल मागून बघतो. ती आली नाही तर चिन्हावर पिवळा त्रिकोण उमटायचा; अलीकडे इंटरनेट नसल्याचं चिन्ह दिसतं. काड्या फुल्ल आणि वर हे चिन्ह, म्हणजे अलीकडचा दुवा ठीक आहे आणि घोडं पुढे अडलंय. लॅपटॉपचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट आणखी अलीकडची: राउटरने पत्ताच दिला नाही, म्हणून लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता घेतला.

दुवे वेगळे करण्याची ही सवय एके काळी आम्हाला आपोआप होती. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, तेव्हा २५६ केबीपीएसचा वेग म्हणजे चैन होती. ते तांब्याच्या फोनतारेवरून यायचं. पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोन उचलल्यावर खरखर ऐकू यायची. ती ऐकली की आज्जीसुद्धा सांगायची, "लायनीत पाणी गेलंय." फोनची घरघर स्वच्छ असेल तर दोष घरातला. मोडेम वेगळा, वायफायचा डबा वेगळा, संगणक वायरने जोडलेला. पुढे मोडेम आणि राउटर एकाच डब्यात आले, फायबर आलं, वायर गेली, आणि तो कानही गेला. आता काहीही बिघडलं तरी घरात एकच शब्द: वायफाय गेलं. मला वाटतं, दुरुस्तीतला निम्मा गोंधळ या एका शब्दाने केला आहे.

मार्च २०२० नंतर तो गोंधळ घराघरांत शिरला. चाकरमानी ऑफिसचे लॅपटॉप घेऊन गावी आले, मुलांच्या शाळा पडद्यावर भरू लागल्या. ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं. रायगड आणि दापोली-मंडणगडच्या बाजूला माड-पोफळींबरोबर खांब आणि तारा झोपल्या, काही गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्याच पावसाळ्यात सिंधुदुर्गात मुलं रेंजसाठी डोंगरावर खोप बांधून अभ्यासाला बसत होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. त्यानंतर गावोगाव फायबर पोचलं खरं, पण बऱ्याच ठिकाणी ते जमिनीखालून नाही तर खांबावरून, झाडावरून लोंबकळत आलं. फांदी पडली की तार तुटते आणि डब्यावर लाल दिवा लागतो. दुरुस्तीला येणारे पोरगे म्हणतात, "लाइट येत नाहीये." हा लाइट म्हणजे वीज नव्हे, फायबरमधून येणारा प्रकाश. लाल दिवा दिसला की लॅपटॉपला हात लावू नये.

"पावसामुळे वायफाय जातं" हेही तपासून घ्यायला हवं. वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं, आणि पावसाचे थेंब या दोन्हींना घरगुती अंतरावर जवळजवळ अडवत नाहीत. पावसाची खरी झळ दहा गिगाहर्ट्‌झच्या वर लागते. अडवतं ते मुरलेलं पाणी. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळाभर चिरा पाणी पिऊन बसतो आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त लहरी गिळते. मुंबईच्या ब्लॉकमधल्या विटेच्या पातळ भिंतींतून आरपार जाणारं वायफाय आमच्या चिरेबंदी माजघरात येताना धापा टाकतं, आणि आषाढात आणखी. त्यात वारंवारिता जितकी जास्त तितकी भिंतीत खोट जास्त. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान आहे, पण एका खोलीपुरता.

इथे नावाने घोळ घातला आहे. एकच राउटर दोन नावं दाखवतो, त्यातल्या एकाच्या शेवटी ५जी असतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मोबाइलची ५जी सेवा सुरू झाल्यापासून लोक तेच नाव निवडतात. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. इथलं ५ म्हणजे फक्त ५ गिगाहर्ट्‌झ.

गेल्या पावसाळ्यात पुतण्या ठाण्याहून पंधरा दिवस काम करायला गावी आला होता. रोज दुपारी मीटिंग तुटायची. ऑफिस म्हणे तुझं नेट खराब, नेटवाले म्हणे आमचा लाइट ठीक, दुकानदार म्हणे कार्ड बदला. राउटर माजघरातल्या फडताळात, कारण प्लग तिथे. शेजारी गोदरेजचं कपाट. पुतण्या बसायचा पडवीत, मध्ये दोन ओल्या भिंती. लॅपटॉप अर्थातच ५जी नावावर. मी आधी फक्त राउटरला पिंग लावला, म्हणजे छोटे निरोप पाठवून उत्तर येतं का ते बघितलं, बाहेर नाही. दहातले तीन निरोप हरवत होते, आणि ते राउटरपर्यंतच. म्हणजे नेटवाले खरं बोलत होते. सिग्नल उणे ८२ डीबीएम होता; हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. मीटिंगला उणे ६७ च्या आत असलेला बरा. नुसतं नाव बदलून २.४ वर आणलं तर उणे ७० झाला. राउटर कपाटामागून काढून ओटीच्या खिडकीशी, वर, उघड्यावर ठेवला, तो उणे ५८ वर आला आणि पिंग एकही चुकेना.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तुटलं. या वेळी लॅपटॉपचाच अहवाल काढला. विंडोज १० पासून गेल्या तीन दिवसांतल्या वायफायच्या जोडण्या-तुटण्या लॅपटॉप कारणांसकट लिहून देतो. सगळ्या तुटण्या सात ते नऊच्या दरम्यान, आणि प्रत्येक वेळी नेटवर्कच नाहीसं झालेलं. राउटरसमोर बसून राहिलो. साडेसातला गावातले सगळे दिवे लागले, बल्ब मंदावला आणि राउटरचे सगळे दिवे एकदम विझून परत लागले. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर होता, त्याला काहीच कळलं नाही. दोन मिनिटांनी वायफाय परत आलं. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर तळाशी फुगला होता. दुसऱ्या दिवशी दापोलीहून तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा नवा आणला, आणि राउटर इन्व्हर्टरच्या लायनीवर घेतला.