ब्रिजच्या टीम मॅचमध्ये बोलीपद्धतींची तुलना

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये पत्ते खेळायच्या आधी जी बोली लागते ती कशी लावायची याचं दोन पार्टनरांत आधीच जे ठरलेलं असतं त्याला बोलीपद्धत म्हणतात, रोजच्या बोलण्यात सरळ सिस्टिम. आणि कुठली सिस्टिम भारी, हा वाद बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात जिथं ब्रिजचं टेबल मांडलं जातं तिथं ठरलेलाच. तो मिटत नाही कारण बहुतेक जण मॅच कोण जिंकलं तेवढं बघतात, बोर्ड (म्हणजे एकेक डाव) कशामुळं फिरला ते बघत नाहीत.

सीमाभागातला मराठी माणूस ब्रिजकडं येतो तो बहुतेक वेळा मेंढीकोट, लॅडीस नाहीतर तीनशेचार खेळून. तीनशेचारमध्येही बोली असते की, पण ती नुसता आकडा, हुकूम पालथा, भिडूला एवढंच कळतं की याच्याकडं काहीतरी आहे. ब्रिजमध्ये बोलीतून पत्ते सांगायचे असतात. एक किलवरपासून सात नो-ट्रंपपर्यंत (नो-ट्रंप म्हणजे हुकूम नसलेला डाव) बोल्या फक्त ३५, वर पास, डबल (समोरच्याच्या बोलीचा स्कोअर वाढवणं) आणि रिडबल (तो आणखी वाढवणं), आणि एका माणसाला येऊ शकणारे १३ पत्त्यांचे वेगवेगळे संच ६३,५०१ कोटींच्या वर. म्हणजे प्रत्येक बोलीत ढिगानं संच कोंबावे लागणार, आणि एका बोलीला मोकळं केलं की दुसरीत गर्दी होणार. सगळ्या सिस्टिमची भांडणं इथूनच सुरू होतात.

मोजमाप सगळीकडं जवळपास एकच आहे, एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, एकूण ४० पॉइंट, दोघांत मिळून २५-२६ झाले की गेम (बोनस मिळवून देणारी मोठी बोली) बोलायचा विचार. फरक पुढं पडतो. १९३० च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेल्या अ‍ॅकॉलमध्ये चार पत्त्यांवरही बदाम-इस्पिक बोलतात आणि एक नो-ट्रंप १२ ते १४ पॉइंटवर. स्टँडर्ड अमेरिकनमध्ये बदाम-इस्पिकला पाच पत्ते लागतात, नो-ट्रंप १५ ते १७. टू-ओव्हर-वन ही त्याचीच पुढची आवृत्ती, त्यात पार्टनरच्या एकच्या बोलीवर नवा रंग थेट दोनवर सांगितला की गेम होईपर्यंत कुणी थांबायचं नाही. प्रिसिजनमध्ये १६ किंवा जास्त पॉइंट असले की एक किलवर म्हणायचं, किलवर हातात असो नसो, आणि बाकीच्या एकच्या ओपनिंग (पहिल्या बोल्या) १५ च्या आत. पोलंडची पोलिश क्लब या सगळ्यांच्या मधली कुठंतरी.

टीम मॅच ही तुलनेला सगळ्यात चांगली जागा, कारण तेच पत्ते दोन टेबलांवर खेळले जातात, एका टेबलावर आपली जोडी उत्तर-दक्षिण, दुसऱ्यावर आपलीच दुसरी जोडी पूर्व-पश्चिम, त्यामुळं पत्ते वाईट आले ही सबब जाते. दोन्ही टेबलांच्या स्कोअरमधला फरक तक्त्यावरून आयएमपीमध्ये (इंटरनॅशनल मॅच पॉइंट) बदलतात, आणि हा तक्ताच सिस्टिमला न्याय किंवा अन्याय देतो. व्हलनरेबल असताना (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे असताना) चार इस्पिक, म्हणजे दहा हात, बोलून बनवले तर ६२०, दुसऱ्या टेबलावर दोनवर थांबून तेच दहा हात केले तर १७०, फरक ४५०, म्हणजे १० आयएमपी. तोच गेम एका हातानं बुडाला तर उणे १००, दुसरीकडं नऊ हातांचे १४०, फरक २४०, गेले ६ आयएमपी. मिळणार १० आणि जाणार ६, म्हणजे शंभरातल्या ३८ वेळा बनणारा गेमसुद्धा बोलून टाकावा. नॉन-व्हलनरेबलला हेच ६ विरुद्ध ५ होतं, तिथं ४५ च्या पुढं शक्यता लागते. स्मॉल स्लॅमला (तेरातले बारा हात करायची बोली) सरळ निम्म्याला निम्मी. म्हणून टीम मॅचसाठी सिस्टिम बघायची तर ती अशा काठावरच्या गेमला पोचवते का हे आधी बघावं, एकात थांबायचं की दोनात ही चर्चा नंतर.

कमजोर नो-ट्रंपवर (१२ ते १४ पॉइंटवाल्या) बेळगावात दोन तट पडतात, तर त्याचा हिशोब जरा नीट बघू. समतोल पत्ते (कुठलाच रंग फार लांब किंवा फार आखूड नसलेले) साधारण ४८ टक्के वेळा येतात, त्यात १२ ते १४ पॉइंट असायची शक्यता दहा टक्क्यांच्या जरा आत आणि १५ ते १७ ची पाचच्या आत, म्हणजे अ‍ॅकॉलवाल्याला एक नो-ट्रंप बोलायला दुप्पट वेळा मिळतो. यातून इस्पिकची चार-चारची फिट (दोघांकडं चार-चार पत्ते) हुकते हे खरं, पण एक नो-ट्रंपचे ९० आणि दोन इस्पिकचे ११० यात फरक २०, फक्त १ आयएमपी. जोड्यांच्या स्पर्धेत, मॅचपॉइंटवर (तिथं फरक किती ते नाही, कुणापेक्षा जास्त एवढंच मोजतात), याच २० साठी अख्खा बोर्ड जातो. उलट तुमच्या एक नो-ट्रंपमुळं समोरच्यांना बदाम बोलायला जमलंच नाही आणि दुसऱ्या टेबलावर तुमच्याच जोडीनं दोन बदाम बनवले, तर ९० अधिक ११०, फरक २००, मिळाले ५. आता धोका: व्हलनरेबल असताना डबल पडून दोन हात बुडाले की उणे ५००, दुसऱ्या टेबलावरचे ११० वजा केले तरी ३९० चा फटका, ९ आयएमपी. असं रोज होत नाही, पण झालं की जेवणापर्यंत तेच ऐकावं लागतं. हिशोब बघितला तर टीममध्ये कमजोर नो-ट्रंप बदनाम आहे तेवढा वाईट नाही, मॅचपॉइंटचा राग लोक इथं आणून काढतात.

प्रिसिजनबद्दलचा गैरसमज याच्या उलट्या बाजूचा. लोकांना वाटतं की मोठे पत्ते आले की ही सिस्टिम कमाल करते. असे पत्ते दहातून एकदाच येतात, आणि तेव्हा एक किलवरवर समोरचा उडी मारून दोन इस्पिक नाहीतर तीन चौकट म्हणतो आणि आपण अजून एकही रंग सांगितलेला नसतो. कमाई होते ती उरलेल्या नऊ वेळात, कारण ओपनिंग १५ च्या आत आहे हे पार्टनरला आधीच माहीत असतं, तो पटकन गेमवर जातो किंवा पटकन गप्प बसतो. किंमत कुठं मोजावी लागते? एक चौकटमध्ये, कारण तिचा अर्थ फार सैल होऊन बसतो, आणि दोन किलवरमध्ये, जिथं एकची अख्खी पायरीच गेलेली असते.

इतिहासातून पुरावा शोधणाऱ्यांनी जपून शोधावा. सी. सी. वेई यांनी बनवलेली प्रिसिजन घेऊन तैवानची टीम १९६९ मध्ये बर्म्युडा बोल या जागतिक टीम स्पर्धेच्या फायनलला गेली आणि जग थक्क झालं, १९७० ला परत फायनल, दोन्ही वेळा हार. मग इटलीच्या ब्लू टीमनं तीच सिस्टिम उचलली आणि १९७२ चं ब्रिज ऑलिम्पियाड जिंकलं. झालं, प्रिसिजन सगळ्यात भारी! पण ही इटली १९५७ पासून जिंकतच होती, आणि तेव्हा बेलाडोना-आवारेल्ली रोमन क्लब खेळायचे तर फोर्के-गारोत्सो वेगळीच नेपोलिटन-ब्लू क्लब. एकाच टीममध्ये दोन सिस्टिम, बक्षीस तेच. सिस्टिमपेक्षा तिच्यावर घातलेले तास जास्त बोलतात असं यावरून दिसतं, आणि १९६८ मध्ये डॅलसला आयरा कॉर्न यांनी पूर्णवेळ सराव करायला बसवलेली एसेस टीम १९७० आणि ७१ ला जिंकली त्यातूनही तेच.

सीमाभागात अडचण निघते ती या तासांचीच. पार्टनर एक बेळगावच्या टिळकवाडीतला, दुसरा निपाणीहून येणारा, एक पुण्याच्या ओळखीतून शिकलेला, दुसरा बेंगळुरूकडून, नाहीतर थेट ऑनलाइन, आणि दोघं मिळून अर्धी अ‍ॅकॉल अर्धी टू-ओव्हर-वन अशी खिचडी खेळतात. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारात मराठीत सुरू केलेला भाव मध्येच कानडीत गेला तरी दोघांनाही कळतंय, टेबलावर मात्र तसं चालत नाही. एक इस्पिक, दोन चौकट, दोन इस्पिक, आणि पास! इस्पिक म्हणणारा गेमची खात्री धरून बसलेला, चौकट म्हणणाऱ्याला वाटलं आपण दहाच पॉइंट सांगितलेत, आणि गेले १० आयएमपी. हा दोष कुठल्याच सिस्टिमच्या खात्यावर टाकता येत नाही, तरी दर वेळी टाकतात. म्हणून आठवड्यातून एकदाच भेटणाऱ्या जोडीनं स्टँडर्ड किंवा अ‍ॅकॉल साधी घ्यावी, आणि जिला रोज ब्रिज बेस ऑनलाइनवर तासभर बसता येतं तिनंच प्रिसिजनच्या नादाला लागावं.

तुलना खरंच करायची असेल तर मॅचनंतर दोन्ही टेबलांचे स्कोअर समोर ठेवून बोर्ड वेगळे काढायचे. कॉन्ट्रॅक्ट दोन्हीकडं तेच आणि फरक खेळण्यात किंवा पहिल्या उतारीत पडला तर तो बोर्ड बाजूला. कॉन्ट्रॅक्ट वेगळं पण ते निव्वळ कुणाच्या धाडसामुळं, तर तोही बाजूला. नियमानं बोलून जे वेगळ्या जागी पोचले तेवढेच मोजायचे, आणि ते एका मॅचमध्ये हाताच्या बोटांवर असतात, म्हणून एका रविवारच्या निकालावरून सिस्टिम बदलणारे दर दोन महिन्यांनी बदलत राहतात. टीममध्ये दोन जोड्यांच्या सिस्टिम वेगळ्या असल्या की फरक पडणारे बोर्ड वाढतात, दोन्ही बाजूंनी. कमजोर टीमला तगड्या टीमविरुद्ध हे फायद्याचं, तगड्या टीमनं उगाच का करावं.

वर्ल्ड ब्रिज फेडरेशन सिस्टिमला रंग देतं, नैसर्गिक (जो रंग बोलला तोच हातात) ती हिरवी, एक किलवर किंवा एक चौकट कायम जोरदार असेल ती निळी, बाकीच्या कृत्रिम लाल आणि फारच विचित्र त्या पिवळ्या, ज्यात पोलंडमध्ये निघालेल्या फोर्सिंग पाससारख्या येतात, म्हणजे पास म्हटलं की पत्ते चांगले. पिवळ्या फक्त लांबलचक टीम मॅचमध्येच चालतात आणि त्याही समोरच्यांना आधी लेखी कळवून. स्थानिक स्पर्धेत असल्या सिस्टिमला आयोजक बहुधा उभंच करत नाहीत, आणि अर्ध्या दिवसात पाच मॅच उरकायच्या असतील तर दुसरं करणार तरी काय.