कॉलेजात न गेलेल्यांचं तरुणपण: ‘द सिम्स’मधल्या विद्यापीठाची पार्श्वभूमी

मार्च 2005मध्ये पडद्यावरच्या माणसांचा संसार चालवायच्या ‘द सिम्स 2’ या कॉम्प्युटर गेमचा ‘युनिव्हर्सिटी’ नावाचा पहिला एक्स्पान्शन पॅक, म्हणजे मूळ गेमला जोडायची, वेगळी विकत घ्यायची भर, आला. त्यात एक नियम होता. शाळकरी वयातला सिम, म्हणजे गेममधलं माणूस, कॉलेजात गेला, तरच त्याला ‘तरुण’ ही अवस्था मिळायची. गेला नाही, तर तो किशोरवयातून सरळ प्रौढ व्हायचा. मधलं वय त्याच्या वाट्याला यायचंच नाही.

हा नियम मला कुठे वाचून कळला नाही. 2006च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांकडे होतो, अमळनेरपासून पंधराएक किलोमीटरवरच्या गावात. मामेभावानं कॉम्प्युटर घेतला होता. जाड पाठीचा मॉनिटर, खाली स्टॅबिलायझर, वर मामीनं विणलेलं क्रोशाचं झाकण. भारनियमनाच्या वेळा सांभाळून खेळायचं, आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह करायचं. ताई, म्हणजे माझी मामेबहीण, त्या वर्षी बारावी होऊन घरी होती. बारावीपर्यंतचे वर्ग गावातच होते. पुढचं कॉलेज म्हणजे अमळनेर, रोजचं अपडाउन, आणि संध्याकाळची गाडी आली तर आली. घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती.

ताईनं एक मुलगी बनवली होती. आई-वडील, छोटं घर, अंगणात एक झाड. मुलीला अभ्यासाला बसवायचं, वेळेवर जेवू घालायचं, मार्क चांगले ठेवायचे, हे ती मनापासून करायची. कॉलेजचा पॅक टाकलेला होता, पण गेममधला फोन उचलून कॉलेजात जायचं सांगावं लागतं हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. किशोरवयाचे दिवस संपले. मुलगी जागच्या जागी गोल फिरली, चमचम उडाली, आणि कपडे बदलून समोर एक बाई उभी. ताई म्हणाली, “अय माय! हाई ते एकदम बाई हुई गई रे भाऊ.” मग बराच वेळ ती माऊस हातात धरून नुसती बघत बसली.

हे असं का होतं, या प्रश्नाच्या मागे मी तेव्हापासून आहे. त्याचं उत्तर निम्मं त्या गेमच्या इतिहासात आहे आणि निम्मं अमेरिकेतल्या कॉलेजांच्या.

विल राइट हा ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा गेम करणारा माणूस. तो गेम 1989चा. ऑक्टोबर 1991मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि त्यात त्याचं घर गेलं. पुन्हा संसार मांडताना कुठली वस्तू आधी घ्यायची, माणसाचं खरोखर कशावाचून अडतं, हे प्रश्न त्याच्या पुढ्यात आले. आपल्याकडे नवं जोडपं वेगळं राहायला लागलं की पहिल्या महिन्यात हाच हिशोब चालतो, आधी पंखा की आधी पिठाचा डबा. त्यातून त्याला खेळाची कल्पना सुचली. सुरुवातीला तो घरं बांधण्याचा खेळ होता आणि आतली माणसं घर सोयीचं आहे की नाही एवढंच सांगण्यापुरती होती. पुढे माणसंच मुख्य झाली. भूक, झोप, अंघोळ, करमणूक, सोबत अशा गरजांचे पट्टे त्यांना लावले. त्यामागे मॅस्लो या मानसशास्त्रज्ञानं मांडलेल्या गरजांच्या क्रमाचा विचार होता. फेब्रुवारी 2000मध्ये ‘द सिम्स’ बाजारात आला, आणि मार्च 2002पर्यंत त्याच्या 63 लाख प्रती खपून तो तोवरचा सर्वांत जास्त विकला गेलेला कॉम्प्युटर गेम ठरला.

संगणकात माणूस पाळण्याची कल्पना त्याआधीचीही आहे. 1985च्या ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’मध्ये पडद्यावरच्या घरात एक माणूस राहायला यायचा आणि आपण त्याची काळजी घ्यायची. 1986च्या ‘ऑल्टर इगो’मध्ये जन्मापासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य होतं, पण ते सगळं वाचून पर्याय निवडण्याचं. चित्रातलं माणूस डोळ्यांसमोर वाढतंय, हे सिम्सलाही लगेच जमलं नाही. पहिल्या गेममध्ये बाळ तीन दिवसांत मूल व्हायचं आणि मग कायमचं मूलच राहायचं. त्याला शाळा होती, मार्क घसरले तर लष्करी शाळेत रवानगीही होती, पण ते मोठं होत नव्हतं. म्हणून त्या गेमला सात एक्स्पान्शन पॅक आले तरी त्यांत कॉलेजचा एकही नव्हता. जिथे कुणी अठरा वर्षांचं होतच नाही, तिथे कॉलेज कुणासाठी काढणार?

वय वाढायला लागलं ते सप्टेंबर 2004मध्ये, ‘द सिम्स 2’पासून. बाळ, रांगतं मूल, शाळेतलं मूल, किशोर, प्रौढ आणि म्हातारा अशी साखळी झाली, आई-वडिलांचे नाकडोळे मुलांत उतरायला लागले. तरुण ही कडी त्या साखळीत नव्हती. ती सहा महिन्यांनी वेगळ्या पैशांनी आली, आणि कॉलेजच्या आवाराला बांधून आली.

त्या पॅकमध्ये तीन विद्यापीठं आयती मिळायची: सिम स्टेट, ला फिएस्टा टेक आणि अकादमी ल तूर. प्रत्येकाचं वेगळं गाव. चार वर्षं, वर्षाला दोन सत्रं, एकेक सत्र 72 तासांचं. म्हणजे पदवीला गेमचे 24 दिवस. आता हे ताडून बघा: पुढचं अख्खं प्रौढपण 29 दिवसांचं होतं. चार वर्षांचं कॉलेज जवळजवळ नोकरी-संसाराएवढं लांब. खेळणारे पुष्कळ जण याला कंटाळायचे, पण मला त्यात खोट दिसत नाही. आठवणींत कॉलेज तेवढीच जागा अडवतं. शिवाय सिम कॉलेजात असेपर्यंत घरचे जिथल्या तिथे थांबलेले असायचे. आईचा एक केस पांढरा व्हायचा नाही.

हे चित्र अमेरिकी कॉलेजच्या धाटणीचं आहे. तिथल्या जुन्या कॉलेजांत घर सोडून आवारात राहायला जाणं हाच शिक्षणाचा भाग धरला जातो. त्यातूनच ग्रीक अक्षरांच्या नावांच्या विद्यार्थी संघटना निघाल्या. पहिली ‘फाय बीटा कॅपा’, 1776 साली. पुढे काही संघटनांनी स्वतःची घरं केली, काहींनी गुप्तता पाळली. येल विद्यापीठातली ‘स्कल अँड बोन्स’ 1832ची. गेममध्ये हे सगळं उतरलं. डॉर्ममध्ये, म्हणजे आवारातल्या वसतिगृहात, एक स्वयंपाकी सगळ्यांना जेवण करतो. संघटनेच्या घरात राहायचं तर आधीच्या लोकांशी मैत्री करून आत शिरावं लागतं. आणि गुप्त मंडळाच्या पुरेशा लोकांशी ओळख झाली की एका रात्री कोट घातलेले लोक येऊन सिमला बेड्या घालून लांबलचक गाडीतून घेऊन जातात. गावच्या घरी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोलीस आले म्हणून आम्ही घाबरलो होतो. हा मानाचा प्रसंग आहे हे कळायला सगळा पूर्वेतिहास ठाऊक असावा लागतो.

खानदेशाला वसतिगृह नवं नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 ते 1930 शिकवत होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढायचे. लांबच्या खेड्यांतली मुलं शिकायला यायची, एका छपराखाली राहायची, एका पंगतीत जेवायची. त्या छात्रालयातही मुलं घर सोडून आलेली होती, पण त्यांचे वडील शेतात राबत होते आणि थकत होते हे कुणी विसरू शकत नव्हतं. पुढे 1945 साली अमळनेरला प्रताप कॉलेज निघालं. इथली कॉलेजं बरीच वर्षं पुणे विद्यापीठाकडे होती. नवापूरच्या पोराची परीक्षा इथे व्हायची आणि पदवीचा कागद पुण्याहून यायचा. 15 ऑगस्ट 1990ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. 2018मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांचं कॉलेज मात्र आवारात राहण्याचं नव्हतं आणि नाही. ते अपडाउनचं आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव ही एका रेल्वेमार्गावरची गावं. सकाळच्या गाडीत पट्ट्याला लोंबकळत नोट्स वाचायच्या, दुपारी परत, मग केळीला पाणी द्यायचं असेल तर शेतात. मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. पुढे सवलत असली तरी पैसे मोजावे लागतात, आणि घरात नेमकी त्याच टप्प्यावर चर्चा होते. अपडाउन करणाऱ्यालाही तरुणपण असतं. ते गाडीत असतं, स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर असतं, शेवभाजीच्या वर्गणीत असतं. 2005च्या गेमला असं तरुणपण माहीत नव्हतं.

चूक दुरुस्त व्हायला चार वर्षं गेली. जून 2009मध्ये ‘द सिम्स 3’ आला आणि त्यात तरुण ही अवस्था मूळ गेममध्येच आली, सगळ्यांसाठी. कॉलेजात जा, नका जाऊ, शाळा संपली की तुम्ही तरुण. या बदलावर फारसं बोललं गेलं नाही, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत मोठा बदल आहे. वय आणि पदवी यांची गाठ सुटली.

मार्च 2013चा ‘युनिव्हर्सिटी लाइफ’ हा त्या गेमचा पॅक. विद्यापीठ पुन्हा वेगळ्या गावी, प्रवासाला गेल्यासारखं, आणि घरचा काळ पुन्हा थांबलेला. अभ्यासू, बंडखोर आणि खेळाडू असे तीन गट होते आणि कुठल्या गटात वजन वाढतंय यावर पुढच्या संधी ठरायच्या. हे गट मला कधी भावले नाहीत. पण प्रौढांना आणि म्हाताऱ्यांनाही प्रवेश खुला झाला, ही गोष्ट फार चांगली झाली. महाराष्ट्रात तो दरवाजा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं 1989मध्येच उघडला होता. खानदेशातल्या किती तरी बायकांनी लग्नानंतर, मुलं शाळेत जायला लागल्यावर, अभ्यासकेंद्रांवर जाऊन बी.ए. केलं आहे.

मग नोव्हेंबर 2019मध्ये ‘द सिम्स 4’चा ‘डिस्कव्हर युनिव्हर्सिटी’ आला. ब्राइटचेस्टर नावाच्या गावात दोन विद्यापीठं, एक जुन्या दगडी इमारतींचं आणि दुसरं फॉक्सबरी, तंत्रज्ञानाचं. तेरा पदव्या. अर्ज करायचा, उत्तराची वाट बघायची, प्रवेश मिळाला की फी भरायची. पैसे नसतील तर शैक्षणिक कर्ज. हे कर्ज 2005च्या पॅकमध्ये नव्हतं. मधल्या काळात अमेरिकेतल्या शैक्षणिक कर्जांचा आकडा दीड लाख कोटी डॉलरच्या वर गेला होता, आणि कॉलेजची गोष्ट त्याशिवाय सांगणं खोटं ठरलं असतं. 2005च्या पॅकमध्ये सत्र संपलं की मार्कांप्रमाणे सिमच्या हातात पैसे पडायचे. चौदा वर्षांत पैशांची दिशाच उलटी झाली.

आणि याच पॅकमध्ये पहिल्यांदा हे शक्य झालं, की सिमनं आपल्या घरीच राहायचं, घरूनच वर्गाला जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. आई-वडील थांबलेले नाहीत. गृहपाठ डायनिंग टेबलवर, शेजारी धाकटा भाऊ दंगा करतोय, सिंकमध्ये भांडी पडली आहेत. ज्यांनी डॉर्मसाठी पॅक घेतला त्यांना यात विशेष काही वाटलं नसेल. मला मात्र पडद्यावर पहिल्यांदा आमच्याकडचं कॉलेज दिसलं.

ऑक्टोबर 2022पासून ‘द सिम्स 4’चा मूळ गेम फुकट आहे, कॉलेजचा पॅक अजून विकतच घ्यावा लागतो. गेल्या दिवाळीत ताईच्या मुलीनं साठवलेल्या पैशांतून तो घेतला. ताई तिच्या मागे, कमरेवर हात ठेवून उभी होती. मुलीनं आपल्या सिमला फॉक्सबरीत घातलं, राहायला घरीच ठेवलं.

“रोज घर येस का हाई?” ताईनं विचारलं.

“हो ना, मम्मी. अपडाउन करते.”

ताईनं खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसली. सिम तेव्हा वर्गाला गेलेली होती, स्क्रीनवर रिकामं घर होतं. ती परत येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.