पावसाचं पाणी वेगळं, नदीचं पाणी वेगळं (बडोद्यात घर बघताय ना, मग आधी हे वाचा)

बदली होऊन बडोद्याला येणारं प्रत्येक कुटुंब घर बघताना ब्रोकरला एकच प्रश्न विचारतं, "इथे पाणी भरतं का हो?" आणि ब्रोकर मान हलवून म्हणतो, "ना रे बेन, अहीं पाणी नथी भरातुं." गंमत अशी की बऱ्याचदा तो खोटं बोलतच नसतो. तो पावसाच्या पाण्याबद्दल सांगतोय, तुम्हीही पावसाच्या पाण्याबद्दलच विचारलंय, आणि ज्याने खरी वाट लागते त्या पाण्याचा विषय दोघांनीही काढलेला नाही. दर वर्षी नात्यातलं, ओळखीतलं कोणी ना कोणी मुलांना घेऊन इकडे येतं आणि हाच घोळ घालतं, आणि फोनवर तेच तेच सांगून मला आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पावसाचं पाणी तुम्हाला माहीत आहे. मुंबईहून येणाऱ्यांना हिंदमाता माहीत आहे, पुणेकरांना त्यांचे रस्ते. धो धो पडला, गटारं तुंबली, गुडघाभर पाणी, ॲक्टिवा बंद, दोन-चार तासांनी उतरलं. आमच्याकडे अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालून जाणारा रस्ता) त्यासाठी प्रसिद्ध आहे, जरा जोराचा पाऊस झाला की ते भरलंच म्हणून समजा. त्रास आहे, पण तो आकाशाकडे बघून कळतो आणि पाऊस थांबला की संपतो. यावर अजून लिहीत बसत नाही.

आता नदीचं पाणी. विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून वेडीवाकडी वळणं घेत दक्षिणेला जाते आणि पुढे ढाढरला मिळते. म्हणजे तुमच्या दारात येणारं पाणी तुमच्या गल्लीत पडलेल्या पावसाचं नसतं, ते पावागढ-हालोलकडे पडलेल्या पावसाचं असतं, त्यात आजव्याचं सयाजी सरोवर भरलं की त्याच्या 62 दरवाज्यांवरून ओसंडणारं पाणी, आणि खाली ढाढर आधीच फुगलेली असेल तर पुढे जायला वाट नाही म्हणून मागे तुंबलेलं पाणी. हे सगळं शहरात पोचायला वेळ लागतो. त्यामुळे होतं असं की पाऊस थांबतो, लोक म्हणतात चला सुटलो, पोरं सायकली घेऊन खाली जातात, आणि मग पाणी येतं. कोरड्या आकाशाखाली.

2024 च्या ऑगस्टमध्ये असंच झालं. 26 तारखेला जन्माष्टमी होती, पाऊस तुफान होता, पण पावसाळ्यात असतोच असा म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदीची लेवल मोजतात, तिथे 26 फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि त्या वेळी ती 35 फुटांवर गेली. माझी धाकटी जाऊ समाला टेनामेंटमध्ये (म्हणजे इथल्या बैठ्या घरात) राहते, पोरगा तेव्हा दीड वर्षाचा. तिचा फोन आला तेव्हा ती पावसाबद्दल काहीच बोलत नव्हती, म्हणाली, "वहिनी, नहाणीतून पाणी वर येतंय." रस्ता अजून बऱ्यापैकी दिसत होता आणि घरात मोरीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडे काढत वर येत होतं. मला विचाराल तर या दोन पाण्यांमधला सगळा फरक त्या एका वाक्यात आहे. पावसाचं पाणी दारातून आत येतं, नदीचं बऱ्याचदा आधी खालून येतं.

ते खालून का येतं हे समजून घ्या, कारण इथेच नव्या लोकांचं (आणि खरं सांगायचं तर निम्म्या बडोदेकरांचं) गणित चुकतं. शहराचं पावसाचं पाणी नदीत नेणारे मोठे उघडे नाले आहेत, त्यांना इथे कांस म्हणतात. भुखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस अशी त्यांची नावं आहेत. एरवी कांशीचं पाणी नदीत पडतं. नदी चढली की कांशीचं तोंड नदीच्या पाण्याखाली जातं, मग आधी कांस तुंबते, आणि नदी अजून चढली की नदीचंच पाणी कांशीतून उलटं शहरात चालायला लागतं. तिथून पावसाच्या गटारात, तिथून मॅनहोलमधून रस्त्यावर. म्हणजे नदीपासून दोन किलोमीटर लांब घर घेतलंत आणि घरामागे कांस असेल तर तुम्ही नदीकाठीच राहताय, फक्त ब्रोशरमध्ये तसं लिहिलेलं नाही. भुखी कांस छाणी-निझामपुऱ्याकडून समाला येते, तिच्या बाजूच्या सोसायट्यांमधल्या लोकांना विचारा नदी किती लांब आहे ते!

म्हणून "नदीपासून किती लांब" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. प्रश्न असा हवा की हे घर नदीच्या मानाने किती उंचावर आहे आणि जवळची कांस कुठून जाते. मांडवीकडचं जुनं शहर नदीपासून काही फार लांब नाही, पण चढावर आहे. जुन्या लोकांना कळत होतं कुठे वसायचं ते. आपण मात्र क्लबहाऊस बघतो.

नदीकाठचे भाग तर सगळ्यांनाच माहीत आहेत, समा, फतेहगंजचा नदीकडचा पट्टा, परशुराम भठ्ठा, अकोटा-मुजमहुडा, कलाली, वडसर. पण कृपा करून मला सेफ एरियांची यादी मागू नका, कारण अशी यादी नसतेच. त्याच समामध्ये एका गल्लीत छातीभर पाणी होतं आणि तीन गल्ल्या सोडून लोक ओटल्यावर चहा पीत बसले होते. एरियाच्या नावाने घर घ्यायचं आणि नावावरून निवांत व्हायचं हे मला अजिबात पटत नाही. त्यात ती नावं तरी खरी कुठे असतात, गोत्रीच्या पुढे कुठेही शेतात चार टॉवर उभे केले की त्याला न्यू अलकापुरी म्हणायचं. आणि "आम्ही वेस्टला घेतलंय, तिकडे काही प्रॉब्लेम नाही" म्हणणारे तर माझे विशेष आवडते! भायली, सेवासी, बिल ही गावं पालिकेच्या हद्दीत आली 2020 मध्ये. काल-परवापर्यंत तिथे शेतं होती, आणि शेतातल्या पाण्याच्या वाटा कुठे बुजवल्या गेल्या ते बिल्डरला ठाऊक नाही तर तुम्हाला कुठून असणार? रस्ते मोठे आहेत, हवा छान आहे, शाळा जवळ आहेत, हे सगळं खरं. पण वेस्ट ही दिशा झाली, उंची नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे मजला. "आम्ही चौथ्या मजल्यावर, आम्हाला काय." पावसाच्या पाण्याला हे उत्तर बरोबर आहे. नदीच्या पाण्यात तुमचं घर कोरडं राहतं आणि तुम्ही त्यात अडकून पडता. पाणी दोन-तीन दिवस हलत नाही. मीटर-रूम खाली असेल तर वीज बंद, नसली तरी सुरक्षेसाठी लाइन बंद करतात, मग लिफ्ट नाही, मोटर नाही म्हणून टाकीत पाणी नाही, मोबाईलचा टॉवर पण थोड्या वेळाने मान टाकतो. एकट्यादुकट्या माणसाचं मॅगीवर भागतं. पण घरात दीड वर्षाचं मूल असलं की दूध, डायपर, उकळलेलं पाणी, आणि रात्री ताप भरला तर डॉक्टर, हे सगळं खालच्या पाण्याच्या पलीकडे असतं. आणि त्या पाण्यात फक्त पाणी नसतं हो. विश्वामित्रीत मगरी आहेत, मोजल्यावर चारशेच्या वर भरल्या, आणि पुरात त्या सोसायट्यांमध्ये येतात. बाहेरच्यांना हे सांगितलं की हसतात. पावसाच्या पाण्यात पोरांना होड्या सोडायला पाठवता येतं, नदीच्या पाण्यात ओटल्यावरही उभं करायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

बेसमेंट पार्किंगबद्दल माझं मत विचारू नका, चांगले शब्द येणार नाहीत.

मग बघायचं कसं. ब्रोकरला विचारूच नका. त्या भागातल्या इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला, शेजारच्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, आणि "पाणी भरतं का" असं नाही, तारीख घेऊन विचारा. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला होता आणि नदीही चढली होती, त्यामुळे त्या दिवसाची दोन्ही पाण्यांची आठवण लोकांकडे आहे. "2019 ला इथे कुठपर्यंत होतं? आणि 2024 ला जन्माष्टमीच्या नंतर?" असं विचारलं की माणूस हाताने दाखवतो, इथपर्यंत. मग लगेच दुसरा प्रश्न, "किती दिवस होतं?" चार तास म्हणाला तर पावसाचं. दोन दिवस म्हणाला तर नदीचं. आणि तिसरा, "लाइट किती दिवस नव्हती?" या प्रश्नाला कोणीच गोलमाल उत्तर देत नाही, लाइट गेलेले तास लोकांना मरेपर्यंत आठवतात. कंपाउंडच्या भिंती बघा, रंग मारला तरी जुन्या भिंतीवर मातकट रेघ राहते. सगळ्या सोसायटीत फक्त खालचे तीन फूट नवीन रंग दिसला तर कौतुक करू नका, कारण विचारा.

एक सांगायला हवं, 2025 च्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद करायचं मोठं काम केलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ब्रोकर आता त्याच्या जोरावर "हवे तो प्रॉब्लेमज नथी" (आता तर प्रॉब्लेमच नाही) म्हणायला लागलेत. नदी खोल केली म्हणून तुमच्या घरामागची कांस उचलून कोणी दुसरीकडे ठेवलेली नाही.

माझी स्वतःची आवड स्पष्ट आहे. वीसेक वर्षं जुनी सोसायटी, 2019 आणि 2024 दोन्ही बघितलेली, पहिला किंवा दुसरा मजला, मीटर-रूम जमिनीपासून वर, आणि आधी भाड्याने. एक पावसाळा भाड्याने काढा, मग विकत घ्यायचं बघा. नवीन टॉवरचा सँपल फ्लॅट मार्चमध्ये बघून टोकन देणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं, मार्चमध्ये बडोद्यात सगळीच घरं कोरडी असतात.

बाकी मांजलपूर की गोत्री, वाघोडिया रोड की कारेलीबाग, हे नोकरीवर ठरवा. मकरपुरा जीआयडीसीत (म्हणजे इथल्या एमआयडीसीत) काम असेल तर समाला राहून रोज शहर पार करू नका, सावली-हालोलकडे जायचं असेल तर उलट. मराठी शेजार हवा असेल तर दांडिया बाजार, रावपुरा आहेच, पण तिथे पार्किंगला जागा नाही आणि जुन्या वाड्यांचे जिने चढण्याची तयारी ठेवा. शेव-उसळ सगळीकडे मिळते, ती काळजी नको.

फक्त शाळा घराच्याच बाजूला बघा, म्हणजे नदीच्या त्याच बाजूला. नदी चढली की पूल बंद करतात, आणि शहराचे सरळ दोन तुकडे होतात. शाळेला सुट्टी बहुतेक वेळा वेळेत जाहीर होते, पण माझी मैत्रीण एकदा दुपारी अकोट्याच्या बाजूला अडकली आणि तिची पहिलीतली मुलगी अलीकडे शाळेच्या रिक्षात, आणि रिक्षावाले काका पोरीला स्वतःच्या घरी घेऊन गेले, जेवायला घालून झोपवलं, संध्याकाळी उशिरा आणून सोडलं. त्या काकांचा नंबर तिने अजून 'देवमाणूस' म्हणून सेव्ह केलेला आहे, आणि शाळा पुढच्या जूनमध्ये बदलली.