विमानात जादा सामानाचे पैसे: सवलत कुणाला, कागदपत्रे कोणती आणि चुकीची वसुली झाली तर अर्ज कसा करायचा

माझी मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून नागपूरला निघाली होती. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, जुन्या लुगड्यांची दुपटी. सामान पंधरा किलोंच्या वर जाणार हे ठाऊक होते, म्हणून मी चार दिवस आधीच ऑनलाइन पाच किलोंचे जादा पैसे भरून ठेवले. काउंटरवर वजन भरले एकोणीस किलो, आणि पलीकडच्या मुलीच्या पडद्यावर माझे पाच किलो काही दिसेनात. मावशीकडे छापील कागद नव्हता. मागे रांग खोळंबलेली. तिने मुकाट्याने पुन्हा पैसे भरले आणि पावती न घेताच आत गेली.

ते पैसे परत मिळाले, पण दोन महिने लागले. त्यातला बहुतेक वेळ एका पावतीची दुसरी प्रत मिळवण्यात गेला. म्हणून पुढची माहिती मी कागदांच्या बाजूने लिहितो आहे.

आधी नियम काय आहे ते

भारतात विमानाचे भाडे आणि सामानाचे शुल्क सरकार ठरवत नाही. ते प्रत्येक कंपनी ठरवते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जून २०१६ मध्ये पंधरा ते वीस किलोंमधल्या जादा वजनासाठी किलोमागे जास्तीत जास्त १०० रुपये अशी मर्यादा घातली होती. विमान कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. त्यामुळे आज काउंटरवर किलोमागे पाचशे रुपयांहून अधिक मागितले, तरी केवळ ‘दर फार आहे’ एवढ्या कारणावर तक्रार टिकत नाही. मला हे पटत नाही, पण अर्ज करणाऱ्याने ते आधीच समजून घेतलेले बरे.

मग तक्रार कशावर टिकते? न सांगता लावलेल्या शुल्कावर, दोनदा घेतलेल्या पैशांवर, चुकीच्या वजनावर आणि तिकिटावर लिहिलेले सामान नाकारल्यावर. चेक-इन सामान (काउंटरवर सोपवायच्या, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगा), आवडीची जागा, जेवण, वाद्य किंवा खेळाचे साहित्य नेणे अशा सेवांचे पैसे भाड्यापासून वेगळे घ्यायला डीजीसीएची परवानगी आहे. मात्र एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार प्रवाशाने स्वतः निवड केली तरच ती सेवा त्याच्या माथी पडली पाहिजे. तिकीट काढताना आधीपासून टिक केलेली चौकट ठेवणे ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही बसत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू घालणे आणि शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यवहार मानल्या आहेत.

चेक-इन सामान अजिबात नसलेले स्वस्त तिकीट विकायला डीजीसीएने फेब्रुवारी २०२१ मध्ये मुभा दिली. तिला एक अट जोडलेली आहे: ऐनवेळी सामान आणले तर काउंटरवर किती पैसे पडतील, हे तिकीट काढतानाच ठळकपणे दाखवायचे आणि तिकिटावर छापायचे. आपले तिकीट उघडून ही ओळ शोधा. ती नसेल तर तो तुमच्या अर्जातला पहिला मुद्दा आहे.

किती सामान मोफत, आणि मोजणी कशी होते

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलोंची एक हातातली बॅग मिळते. हातातल्या बॅगेचे माप साधारण ५५ बाय ४० बाय २० सेंटिमीटर धरतात. चेक-इनची एकच बॅग ३२ किलोंच्या वर गेली तर पैसे भरूनही घेत नाहीत, कारण ती उचलणारा माणूस असतो. दोन बॅगा करा.

घोटाळा होतो तो वजन आणि नग यांत. काही कंपन्या किलोंबरोबर नगही मोजतात. माणशी एक नग असेल, तर सात-सात किलोंच्या दोन पिशव्या पंधरा किलोंच्या आत असूनही दुसऱ्या पिशवीचे वेगळे पैसे लागू शकतात. तिकिटावर ‘एक नग’ असे लिहिले आहे का, ते पाहूनच बांधाबांध करा. कुटुंबाचे सामान एकत्र वजन करून घ्यायचे असेल तर सगळ्यांची नावे एकाच पीएनआरवर असावी लागतात. नवऱ्याच्या कार्डावर दोन तिकिटे आणि मुलाच्या कार्डावर दोन, अशी काढली की एकाचे अकरा आणि दुसऱ्याचे एकोणीस किलो एकत्र धरत नाहीत. कार्डावर मिळालेली सवलत काउंटरवर परत जाते.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी पुढचा भाग दोनदा वाचावा. नागपूर ते मुंबई आणि पुढे परदेश हा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर आंतरराष्ट्रीय सामानाची मर्यादा सहसा नागपूरपासूनच लागू होते. नागपूर-मुंबई स्वस्तात मिळाले म्हणून वेगळे काढले, तर त्या तासाभराच्या प्रवासाला पंधरा किलोच धरले जातात, आणि तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा घेऊन निघालेल्या मुलाला एकतीस किलोंचे जादा पैसे भरावे लागू शकतात. तिकिटात वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम त्यात जाते. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून येणाऱ्या एकाच तिकिटावरच्या प्रवासाला तिथल्या परिवहन खात्याचा नियम लागतो: सुरुवातीला ठरलेले सामानाचे नियम आणि शुल्क संपूर्ण प्रवासभर तेच राहिले पाहिजेत, मध्ये कंपनी बदलली तरी.

सवलतीला पात्र कोण

विद्यार्थ्यांना काही कंपन्या १० किलो जादा सामान देतात, इंडिगो आणि एअर इंडिया त्यांत आहेत. सैन्यदलातील व्यक्तींसाठीही काही कंपन्यांकडे वेगळी सवलत आहे. अट एकच, पण कडक: तिकीट काढतानाच ‘विद्यार्थी’ किंवा ‘सशस्त्र दल’ हा प्रकार निवडलेला हवा. साधे तिकीट काढून काउंटरवर ओळखपत्र दाखवले, तर सवलत मिळत नाही. प्रवासाच्या दिवशी मूळ ओळखपत्र जवळ असावे. महाविद्यालयाच्या ओळखपत्रावरची मुदत संपलेली असेल तर चालू वर्षाचे बोनाफाइड प्रमाणपत्र सोबत ठेवा. नुकताच प्रवेश मिळालेल्या मुलांनी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि व्हिसा यांची छापील प्रत घ्यावी, आणि आपल्या कंपनीला ती चालते का, हे तिकीट काढण्याआधी ईमेलवर विचारून त्यांचे उत्तर जपावे.

दिव्यांग प्रवाशाची व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर यांसारखी साधने विनाशुल्क न्यायची असतात. ती सामानाच्या किलोंत धरू नयेत. तिकीट काढतानाच कळवा म्हणजे निघताना वाद होत नाही.

काउंटरवर पोहोचण्याआधी आणि पोहोचल्यावर

जादा सामान लागणार असेल तर ते आधी ऑनलाइन घ्या, काउंटरच्या दरापेक्षा स्वस्त पडते. पैसे भरल्यावर येणारी पावती आणि बदललेले तिकीट दोन्ही छापून घ्या, मोबाइलवर विसंबू नका. मावशीचे जे झाले ते एका छापील कागदाने टळले असते.

घरच्या काट्यावर बॅग तोलून काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढा. विमानतळावरचा काटा आणि घरचा काटा यांत दोन-तीन किलोंचा फरक वाटला तर शेजारच्या काउंटरवर पुन्हा वजन करून देण्याची विनंती करा. व्यवहारासाठी वापरायचा प्रत्येक काटा २००९ च्या वैध मापन कायद्याखाली तपासून मुद्रांकित झालेला असावा लागतो. महाराष्ट्रात वैध मापन शास्त्र यंत्रणा ते काम करते. भाजीवाल्याच्या काट्याला जो कायदा, तोच इथेही.

वजन जास्त भरले की तिथेच बॅग उघडून सामान इकडचे तिकडे करण्याची धांदल उडते. त्या घाईत हातातल्या पिशवीतली पॉवर बँक चेक-इन बॅगेत गेली तर बॅग तपासणीत अडकते. ती हातातच न्यायची असते. आणि मसाल्यासाठी बांधून दिलेले सुके खोबरे कुठल्याच बॅगेत ठेवू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडते, म्हणून त्याला मनाई आहे. माहेरून निघालेल्या कितीतरी बॅगा याच एका वाटीपायी उघडाव्या लागतात.

पैसे भरावेच लागले तर भरा, विमान चुकवू नका. पण रोख देणे टाळा, आणि वजन, दर, जीएसटी व पीएनआर लिहिलेली पावती हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नका. बोर्डिंग पास आणि बॅगेवर लावलेल्या टॅगचा तुकडा प्रवास संपला तरी फेकू नका.

अर्ज कुठे आणि कोणत्या क्रमाने

पहिला अर्ज कंपनीकडेच करायचा. विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर तक्रारी पाहणारा नोडल अधिकारी आणि त्याच्यावरचे अपील अधिकारी यांचे पत्ते दिलेले असतात. फोनवर बोललात तरी लेखी ईमेल पाठवाच. मजकूर छोटा ठेवा. मी मावशीसाठी पाठवलेला साधारण असा होता:

‘अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या विमानाने, अमुक पीएनआरवर मी प्रवास केला. ५ किलो जादा सामानाचे पैसे मी अमुक तारखेला ऑनलाइन भरले होते, पावती जोडली आहे. तरीही काउंटरवर त्याच वजनाचे पैसे पुन्हा घेतले. दुसऱ्यांदा घेतलेली रक्कम मूळ खात्यात परत करावी आणि केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी.’

राग, रांगेतला अपमान, कर्मचाऱ्याचे वागणे हे सगळे खरे असते, पण पहिल्या ईमेलमध्ये ते घातले की उत्तरही फक्त दिलगिरीचे येते. रक्कम आणि मागणी आधी. पावती हरवली असेल तर पीएनआर आणि बँकेतल्या व्यवहाराचा क्रमांक देऊन दुसरी प्रत मागा.

समाधानकारक उत्तर आले नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जा. मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून कंपनी, विमान क्रमांक, तारीख आणि पीएनआर भरायचा, तक्रारीचा प्रकार ‘सामान’ निवडायचा आणि कागद जोडायचे. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करता येते, तिथे मराठीतही बोलता येते.

एवढ्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने यात मोठी सोय केली आहे: कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. सांगलीच्या माणसाने गुरुग्रामला जायची गरज नाही. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. कागदपत्रांत तक्रारीचा मजकूर, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, तिकीट, बोर्डिंग पास, पैशांची पावती किंवा बँकेचा उतारा, बॅगेचा टॅग, कंपनीशी झालेला सगळा ईमेल व्यवहार आणि एअरसेवाचा तक्रार क्रमांक लागतो. घटनांचा तारीखवार तक्ता एका पानावर करून सर्वांत वर लावा. वाचणाऱ्याचे काम सोपे होते.

पैसे घेतले आणि बॅग आलीच नाही तर

विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या सामान कक्षात जाऊन पीआयआर, म्हणजे सामान न आल्याचा किंवा खराब झाल्याचा अहवाल, भरून घ्या आणि त्याचा क्रमांक घ्या. त्यानंतरच्या मुदती कडक आहेत: बॅग फुटली किंवा फाटली असेल तर हातात आल्यापासून सात दिवसांत, उशिरा आली असेल तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी दावा. एकवीस दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. देशांतर्गत प्रवासात भरपाईची कमाल मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रिअल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा १,५१९ एसडीआर झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. रुपयांत ही रक्कम पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान येते. ही कमाल मर्यादा आहे, हातात काय येईल ते बॅगेतल्या वस्तूंच्या बिलांवर ठरते. बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो त्यासाठी काढून ठेवा.

अमेरिकेच्या प्रवासात आणखी एक हक्क २८ ऑक्टोबर २०२४ पासून मिळाला आहे. बॅगेसाठी भरलेले शुल्क ती उशिरा आल्यास परत मिळते: तिथल्या देशांतर्गत प्रवासात बारा तासांहून जास्त उशीर झाला तर, आंतरराष्ट्रीय प्रवासात विमानाच्या पल्ल्यानुसार पंधरा किंवा तीस तासांहून जास्त उशीर झाला तर. भारतातून थेट जाणारी विमाने बारा तासांहून अधिक वेळ उडतात, म्हणून आपल्याला बहुधा तीस तासांचा नियम लागतो. बॅग आली नसल्याची नोंद कंपनीकडे केलेली असली पाहिजे, नाहीतर हा हक्क लागू होत नाही. न्यूयॉर्कला पहिल्यांदा उतरलेले मूल दमलेले असते आणि बाहेर कुणीतरी न्यायला आलेले असते. तरी ती नोंद करूनच बाहेर पड, असे त्याला निघण्याआधी सांगा.