रन अँड गन

रन अँड गन : स्वतःची रायफल, पिस्तूल, काडतुसे आणि पाणी अंगावर वागवत रानातील काही किलोमीटरांची वाट धावून पार करायची आणि वाटेत ठरवून दिलेल्या ठिकाणी थांबून लक्ष्यवेध करायचा, असा स्पर्धाप्रकार. तो मुख्यत्वे अमेरिकेत, विशेषतः टेक्सास, ओक्लाहोमा आणि लगतच्या राज्यांत खेळला जातो. मार्ग बहुधा ५ ते १२ किमी. लांबीचा असतो आणि त्यावर नेमबाजीचे पाच ते आठ टप्पे येतात. लक्ष्ये प्रायः कठीण पोलादी पत्र्याची असतात, म्हणजे गोळी लागताच आवाज येतो आणि पंचाला लगेच निर्णय देता येतो. धावण्याचा वेळ आणि टप्प्यांवरील कामगिरी यांचा मेळ घालून क्रमांक ठरतात. मात्र हा मेळ कसा घालायचा, हुकलेल्या लक्ष्यामागे किती दंड धरायचा आणि शस्त्र कोणत्या स्थितीत वागवायचे, याचे नियम प्रत्येक आयोजक स्वतंत्रपणे ठरवतो. या प्रकाराला जगभर लागू होणारी एकच नियमावली नाही. म्हणून सराव आणि खरेदी या दोहोंची सुरुवात त्या त्या स्पर्धेचे नियम वाचण्यापासूनच करावी लागते.

पूर्वपीठिका : श्रमाने धाप लागलेली असताना नेम साधण्याची परीक्षा उत्तर युरोपात जुनी आहे. १७६७ मध्ये स्वीडन-नॉर्वे सीमेवरील पहारेकऱ्यांच्या तुकड्यांमध्ये स्की आणि बंदूक यांची स्पर्धा झाल्याची नोंद मिळते. १९२४ च्या शामोनी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये लष्करी गस्तीची शर्यत होती आणि तिच्यातूनच विकसित झालेला बायथलॉन (स्कीवरील शर्यत आणि नेमबाजी यांचा जोडखेळ) १९६० मध्ये स्क्वॉ व्हॅली येथे ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. स्वित्झर्लंडमध्ये गणवेश, पाठीवरची पिशवी आणि रायफल यांसह धावण्याच्या ‘वाफनलाउफ’ शर्यतींची परंपरा आहे. त्यांपैकी फ्राउएनफेल्डची शर्यत १९३४ पासूनची. फिनलंडमधील राखीव सैनिकांची ‘एसआरए’ ही नेमबाजी स्पर्धाही याच कुळातली म्हणता येईल. अमेरिकी रन अँड गनने या जुन्या कल्पनेत दोन गोष्टींची भर घातली. एक म्हणजे पिस्तूल, आणि दुसरी अनिश्चितता. बायथलॉनपटूला लक्ष्य ५० मी. अंतरावर आहे आणि त्याचा व्यास पालथे पडून ४५ मिमी. व उभ्याने ११५ मिमी. आहे, हे वर्षभर आधी ठाऊक असते. इथे मात्र पुढच्या वळणापलीकडे ८० मी. अंतर आहे की ३०० मी., हे बहुधा तिथे पोहोचल्यावरच कळते.

थकलेल्या शरीराचा नेम : २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मी. रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा मराठी प्रेक्षकांनी नेमबाजीतील निश्चलता जवळून पाहिली. श्वास सोडल्यानंतरच्या नैसर्गिक विरामात, नाडी संथ असताना चाप दाबणे हा त्या खेळाचा पाया आहे. रन अँड गनमध्ये हाच पाया ढासळलेला असतो. नाडी मिनिटाला ७० असताना दोन ठोक्यांमध्ये सुमारे ०.८६ सेकंद मिळतात. ती १७० वर गेली की जेमतेम ०.३५ सेकंद उरतात. श्वास रोखून धरावा तर स्नायूंना प्राणवायू हवा असतो, त्यामुळे काही क्षणांतच डोळ्यांसमोर अंधुक दिसू लागते आणि हात अधिक थरथरतात. खांद्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर ८० सेंमी. धरले, तर तोंड एका बाजूला केवळ १ मिमी. सरकल्याने ३०० मी. अंतरावर गोळी सुमारे ३७ सेंमी. बाजूला जाते, एवढ्यात माणसाच्या धडाच्या रुंदीचे लक्ष्य हुकू शकते.

यावर उपाय तीन. पहिला म्हणजे श्वास न रोखता त्याच्या लयीत गोळी झाडणे : एक पूर्ण श्वास, उच्छ्वासाच्या शेवटी एक गोळी. दुसरा म्हणजे आधार शोधणे. दगड, कुंपणाचा खांब, झाडाचे खोड, पाठीवरची पिशवी, काहीही चालते, आणि उभ्यापेक्षा गुडघ्यावर, गुडघ्यापेक्षा पालथे पडून नेम नेहमीच स्थिर राहतो. फक्त गवत आडवे येते का, हे आधी पाहावे. तिसरा उपाय टप्प्यावर पोहोचण्याआधीच सुरू होतो. शेवटचे २०० मी. अंतर नेहमीपेक्षा प्रतिकिलोमीटर दीड मिनिट संथ वेगाने धावले तर फक्त १८ सेकंद जादा जातात. एका हुकलेल्या लक्ष्याचा दंड ३० सेकंद असेल, तर एवढी संथ चाल एका लक्ष्यात वसूल होऊन वर १२ सेकंद शिल्लक राहतात. हा साधा हिशेब अनुभवी धावपटूही विसरतात, कारण शर्यतीत वेग कमी करणे मनाला पटत नाही.

सराव : धावण्याचा पाया इतर दीर्घ पल्ल्याच्या धावण्यासारखाच असतो. आठवड्यातील बहुतेक धावणे सहज बोलता येईल अशा संथ वेगात, आणि एखादा दिवस चढाच्या किंवा वेगाच्या तुकड्यांचा. यात शस्त्राचा भार हळूहळू वाढवावा लागतो; घोटे, गुडघे आणि कंबर यांना वजनाची सवय व्हायला फुप्फुसांपेक्षा जास्त दिवस लागतात. पहिल्याच आठवड्यात संपूर्ण भार घेऊन डांबरी रस्त्यावर धावणे हा दुखापतीचा हमखास मार्ग आहे.

नेमबाजीच्या सरावाचा मोठा भाग काडतुसांविना होतो. अशा ‘ड्राय प्रॅक्टिस’मध्ये शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करणे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवणे आणि ज्या भिंतीआड कोणी नाही अशा दिशेलाच तोंड करणे, यात कसूर चालत नाही. होलस्टरमधून (कमरेवरच्या म्यानातून) पिस्तूल काढणे, मॅगझिन (काडतुसांची पेटी) बदलणे, खांद्यावरची रायफल सोडवून पालथे पडणे या हालचाली रोज पंधरा मिनिटे केल्या तरी दोन महिन्यांत फरक पडतो. त्यानंतर दोन्ही अंगे एकत्र आणावीत. धावणे वेगळे आणि नेमबाजी वेगळी पक्की केली की स्पर्धेत दोन्ही आपोआप जुळतील, ही समजूत चुकीची आहे. परवानगी असलेल्या मैदानात ४०० मी. धावून पाच गोळ्या, पुन्हा ४०० मी. आणि पुन्हा पाच, अशी सहा आवर्तने करून प्रत्येक वेळचे निकाल लिहून ठेवावेत. कितव्या आवर्तनापासून नेम ढळतो हे वहीत दिसू लागले की सरावाला दिशा मिळते.

रायफल आणि दुर्बीण : बहुतेक स्पर्धक .२२३ रेमिंग्टन किंवा ५.५६ मिमी. काडतुसाची अर्धस्वयंचलित रायफल आणि ९ मिमी. पिस्तूल वापरतात. ही काडतुसे हलकी, माफक धक्क्याची आणि सहज मिळणारी असतात. ४० सेंमी.च्या आसपास नळी असलेली साधी रायफल सुमारे ३ किलोग्रॅम भरते. दुर्बीण, पट्टा आणि भरलेले मॅगझिन धरून ती ४ किलोग्रॅमच्या पुढे जाते. इथे खर्चाचा मोह आवरावा. महागड्या जाड नळीची अचूकता मैदानातील बाकावर बसून नेमबाजी करणाऱ्याला उपयोगी पडते. नवव्या किलोमीटरवर मात्र तिचे जादा अर्धा किलोग्रॅम वजन तेवढे जाणवते.

लाल ठिपक्याची नेमपट्टी १०० ते २०० ग्रॅमची असते आणि जवळच्या लक्ष्यांवर वेगाने काम करते. १ ते ६ पट वर्धनाची दुर्बीण बसवणीसह ६०० ते ७५० ग्रॅमपर्यंत जाते. तरीही २०० मी. पलीकडची लक्ष्ये मार्गावर असतील तर दुर्बिणीचाच पर्याय या नोंदीत सुचवला आहे, कारण सावलीत किंवा वाळल्या गवतात उभा असलेला पत्रा आधी दिसावा लागतो. रायफलीचा झीरो (नेमरेषा आणि गोळीचा मार्ग जुळवण्याचे अंतर) ४५ मी.वर केला तर सर्वसाधारण ५५ ग्रेन वजनाच्या गोळीचा मार्ग नेमरेषेला सुमारे १८० मी.वर पुन्हा छेदतो आणि या दरम्यान निशाणा वरखाली करावा लागत नाही. त्यापुढे किती उंच धरायचे आणि आडव्या वाऱ्यात किती बाजूला, हे प्रत्यक्ष गोळ्या झाडून तपासावे व छोट्या कागदावर लिहून दस्त्याला चिकटवावे. धापा टाकताना आकडे आठवत नाहीत.

पट्टा, कंबर आणि पाय : या खेळात सामान पारखण्याची कसोटी एकच : ते धावताना हलते का. दोन ठिकाणी जोडलेला, एका ओढीत घट्ट किंवा सैल होणारा पट्टा रायफल पाठीशी बांधून ठेवतो आणि चढावर हात मोकळे राहतात. पिस्तुलासाठी खटका किंवा पकड असलेले होलस्टरच घ्यावे, कारण धावताना शस्त्र खाली पडले तर बहुतेक ठिकाणी स्पर्धक तत्काळ बाद होतो. कंबरपट्टा दुहेरी असावा, म्हणजे आतला पट्टा पँटच्या फासांतून आणि बाहेरचा त्यावर चिकटणारा. ३० काडतुसांचे भरलेले मॅगझिन सुमारे अर्धा किलोग्रॅमचे असते. नियमांत लागणाऱ्या गोळ्यांचा हिशेब करून वर एक जादा मॅगझिन पुरेसे होते. भीतीपोटी घेतलेली आणखी तीन मॅगझिने शेवटपर्यंत कंबरेवर आपटत राहतात.

बूट रानवाटेवर धावण्याचेच असावेत. उंच लष्करी बूट ओले झाले की जड होतात. मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्यावेत, सुती मोज्यांनी फोड येतात. तासाला ४०० ते ८०० मिली. पाणी लागते, आणि टेक्सासच्या उन्हात मिठाचीही सोय हवी. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांचे संरक्षण अनिवार्य आहे. हेडफोनसारखी कानझाकणी घामाने निसटतात, त्यामुळे दोरीने गळ्यात अडकवलेले कानबोळे बरे पडतात. संरक्षक चष्म्यावर वाफ धरते का, हे धावूनच पाहावे. रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा काही स्पर्धांत सक्तीचा असतो. तो सक्तीचा नसला तरी जवळ बाळगावा आणि एका हाताने बांधायला शिकावा.

भारतातील स्थिती : या स्पर्धेत वापरतात तशा अर्धस्वयंचलित रायफली भारतात सामान्य नागरिकांना परवान्यावर मिळत नाहीत, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांमुळे शस्त्र घेऊन खुल्या रानात धावणेही शक्य नाही. इथल्या खेळाडूला जवळचा प्रकार म्हणजे मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या संयुक्त स्पर्धेतील लेझर-रन. पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यात ६०० मी.च्या पाच फेऱ्या आणि मध्ये १० मी. अंतरावरून लेझर पिस्तुलाने नेमबाजीच्या चार पाळ्या होत्या. प्रत्येक पाळीत पाच वेध किंवा ५० सेकंद पूर्ण झाल्यावरच पुढे धावता येत असे. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मॉडर्न पेंटॅथलॉनचा समावेश होता. नाडी वाढलेली असताना नेम धरण्याचे मूळ कौशल्य लेझर-रनमध्येही तेच आहे. धावणे आणि एअर पिस्तूल ज्यांना दोन्ही आवडते, अशा महाराष्ट्रातील शाळकरी मुलामुलींसाठी हा मार्ग खरोखर खुला आहे.

रंगीत तालीम : स्पर्धेच्या साधारण दोन आठवडे आधी सर्व सामान अंगावर चढवून किमान ५ किमी. धावावे. कुठे घासते, काय वाजते, कोणता बंद सुटतो, हे तेव्हाच कळते. त्यानंतर लगेच मैदानात जाऊन झीरो पुन्हा तपासावा, कारण दुर्बिणीचे स्क्रू धक्क्यांनी सैल होतात. मॅगझिनांची तोंडे खाली ठेवावीत, म्हणजे धूळ आत जात नाही. वाटेत पडझड होऊन नळीचे तोंड चिखलात गेल्याची शंका जरी आली तरी गोळी झाडू नये. पंचाला सांगून शस्त्र रिकामे करावे आणि नळी आरपार मोकळी दिसेपर्यंत तो टप्पा सोडून द्यावा, कारण अडलेल्या नळीतून झाडलेली गोळी रायफल फोडू शकते.