कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या जुन्या इंजिनांसाठी तेलाची निवड

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारे, सिरॅमिकच्या जाळीचे उपकरण) येण्याआधी घडवलेली, पण पुढे नियमामुळे तो बसवावा लागलेली पेट्रोल इंजिने तेलाच्या बाबतीत पेचात टाकतात. भारतात एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीलाही तो लागू झाला. तिचे १०८९ सीसीचे पुशरॉड (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारे) इंजिन मात्र जुन्या फियाट ११०० च्याच घराण्यातले होते.

अशा इंजिनात कॅमचा (व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या फिरत्या दांड्यावरचा) उंचवटा सपाट टॅपेटवर, म्हणजे पुशरॉडला ढकलणाऱ्या तुकड्यावर, घासत फिरतो. त्या जागी दाब इतका असतो की तेलाचा थर फाटू शकतो. तेलातले झिंक-फॉस्फरसयुक्त संयुग, म्हणजे झेडडीडीपी, तिथे धातूवर संरक्षक पापुद्रा धरते. हेच फॉस्फरस जळालेल्या तेलासोबत धुराच्या नळीतून कन्व्हर्टरमध्ये पोचले की सिरॅमिकच्या जाळीवर काचेसारखा लेप बसतो आणि जाळीवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंपर्यंत धूर पोचेनासा होतो. जाळीच्या इंजिनाकडच्या तोंडावर हा लेप सर्वांत दाट असतो.

म्हणून एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या तेलांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या एसएल (२००१) श्रेणीत फॉस्फरसची कमाल मर्यादा वजनाच्या ०.१० टक्के होती, ती एसएम (२००४) आणि एसएन (२०१०) मध्ये ०.०८ टक्क्यांवर आली. ही मर्यादा मुख्यतः १०डब्ल्यू-३० व त्याहून पातळ ग्रेडांसाठी (ग्रेड म्हणजे तेलाचा दाटपणा) आहे. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड तेलांना ती सर्वसाधारणपणे बांधत नाही, त्यामुळे डब्यावर नवी श्रेणी दिसली म्हणून ते तेल कॅमला मारक ठरवणे चूक आहे.

टक्केवारीपेक्षा गाडी किती ऑइल खाते, हे कितीतरी महत्त्वाचे. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ८७० ग्रॅम, म्हणजे ०.१० टक्के फॉस्फरस असलेल्या लिटरभर तेलात ते साधारण ०.८७ ग्रॅम असते. हजार किलोमीटरला लिटरभर तेल खाणारी गाडी १०,००० किलोमीटरमध्ये ८.७ ग्रॅम फॉस्फरस जाळते. ०.०८ टक्क्यांचे तेल घातले तरी आकडा ७ ग्रॅमच्या आसपासच राहतो. तेवढ्याच अंतरात एकच लिटर खाणारे निरोगी इंजिन मात्र जास्त फॉस्फरसच्या तेलावरही ग्रॅमभराच्या आत असते. जळालेले सगळेच फॉस्फरस जाळीवर बसत नाही, पण प्रमाण तेच राहते. कन्व्हर्टर वाचवायचा तर व्हॉल्व्ह सील आणि पिस्टन रिंगांकडे आधी पाहावे. उतारावरून आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर निघाला तर बहुधा सील गेलेले असतात. चढावर, भार असताना सतत धूर येत असेल तर संशय रिंगांवर.

सपाट टॅपेटच्या, तेल न खाणाऱ्या इंजिनाला उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचे, ०.०८ ते ०.१० टक्के फॉस्फरसचे तेल योग्य. हा आकडा कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात मिळू शकतो. १५डब्ल्यू-४० डिझेल तेल पेट्रोल गाडीत ओतण्याची गॅरेजांतली सवय कन्व्हर्टर शाबूत असेल तर टाळावी, कारण त्यात जळल्यावर राख देणारी कॅल्शियमची डिटर्जंट द्रव्ये सहसा जास्त असतात, आणि ती राख जाळीवर साचते. वेगळी झिंकची, म्हणजे झेडडीडीपीची, बाटली मिसळणेही नको. तेलातल्या द्रव्यांचा मेळ कारखान्यात चाचण्यांवर जुळवलेला असतो, आणि वाढीव झिंकने कॅमला मिळणारा फायदा लवकरच थांबतो, जाळीवरचा लेप मात्र वाढत जातो.